आखाजीचे आठ दिवस : शेकाच्या वेळापत्रकाचं एक गणित

२३ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी वहिनींचा नाशिकहून फोन आला. "भाऊजी, हे ऐकायलाच तयार नाहीत. मंगळवारचा शेक घ्यायचा आणि आखाजीला घरी जायचं म्हणतात, आठ दिवस. म्हणे, मशीन काय पळून चाललंय का?"

'हे' म्हणजे आमचे नाना, माझ्या मोठ्या काकांचे थोरले. तोंडाच्या कॅन्सरवर त्यांना नाशिकला शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. वय ४८. चोपडा तालुक्यात तापीच्या काठाला सहा एकर रान, त्यात केळी आणि कापूस. मी तालुक्यातच कॉलेजात गणित शिकवतो. कॅन्सर कसा सुरू होतो आणि कसा वाढतो हे समीकरणांत मांडण्याची जी विद्या आहे, ती गेली आठ-दहा वर्षं माझ्या आवडीच्या वाचनात आहे. मुलांना डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवताना उदाहरण म्हणून मी ट्यूमरच घेतो. पण घरातल्या माणसाच्या तारखा त्या समीकरणात घालायची वेळ त्या आठवड्यात पहिल्यांदा आली. नानांनी 'लिही' म्हटलं, म्हणून सगळं तारखांसह लिहितो आहे.

रुग्ण

नाना सतराव्या वर्षापासून तंबाखू-चुना मळून खात होते. बार नेहमी उजव्या गालात. चाळिशीनंतर तिथे पांढरा चट्टा आला, मग तिखट झोंबायला लागलं, मग तोंड पूर्ण उघडेना. जानेवारीत तुकडा तपासला तेव्हा जखम ३ सेंटिमीटरची होती. २० फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. गालाचा भाग, जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या, पण मानेतल्या दोन गाठींत आजार सापडला. म्हणून शेक ठरला : एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, ३० सिटिंग. पहिली सिटिंग मंगळवारी, १ एप्रिलला.

नाना नेहमी म्हणायचे, दिवसाला दोनच पुड्या, काय होतं त्यानं? या प्रश्नाला गणिताने फार पूर्वीच उत्तर दिलेलं आहे. १९५४ मध्ये आर्मिटेज आणि डॉल या दोघांनी ब्रिटनमधल्या कॅन्सरमृत्यूंचे आकडे वयानुसार मांडले. दोन्ही अक्षांवर लॉग घेतल्यावर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसले आणि रेषेचा चढ सहाच्या आसपास निघाला. म्हणजे मृत्यूदर वयाच्या सहाव्या घाताने वाढतो. वय दुप्पट झालं की धोका ६४ पट. त्यातून त्यांनी असा अर्थ काढला की पेशी एका फटक्यात बिघडत नाही, तिच्यात एकामागून एक सहा-सात बदल साठावे लागतात. पुढे १९७८ मध्ये डॉल आणि पेटो यांनी सिगारेट ओढणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांचे आकडे तपासले तेव्हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका रोजच्या सिगारेटींपेक्षा किती वर्षं ओढल्या यावर कितीतरी जास्त अवलंबून दिसला. मुदतीचा घात चार-साडेचारचा. नानांची तंबाखू ओढायची नव्हे, गालात धरायची होती. पण मुदत एकतीस वर्षांची होती, आणि 'दोनच पुड्या' हा हिशेब म्हणूनच फसवा होता.

वाढीचं गणित याहून सोपं. एक पेशी, मग दोन, चार, आठ. तीस वेळा दुप्पट झाली की शंभर कोटींच्या वर जाते, आणि ढोबळ मानाने तेवढ्या पेशींचा गोळा एक घन सेंटिमीटर, एक ग्रॅम. ३ सेंटिमीटरच्या गाठीला साधारण ३४ दुपटी लागतात. म्हणजे आजाराच्या आयुष्यातल्या ३४ पायऱ्यांपैकी ३० आपल्याला दिसतच नाहीत, आणि ज्या दिवशी 'आता कुठे सुरू झालं' असं आपण म्हणतो तेव्हा तो म्हातारा झालेला असतो. तोंड मात्र आरशात दिसतं. अर्ध्या सेंटिमीटरचा फोडही दिसतो, आणि तोवर २६ दुपटी झालेल्या असतात, ३४ नव्हे. या आठ दुपटींचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या. नाना जेवताना तोंड वाकडं करायचे ते मीही पाहिलं होतं.

नानांचं म्हणणं

गुरुवारी, २४ तारखेला, एसटीने नाशिकला पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. नाना-वहिनींनी हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली होती : दोन खाटा, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेले पंचे. नानांचा उजवा गाल काळपट पडला होता, मानेची कातडी सोलली होती. नाकातली नळी चिकटपट्टीने गालाला लावलेली. वहिनी तांदळाची पातळ पेज गाळून मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडत होत्या. दर थोड्या वेळाने थांबून नळीत कोमट पाणी घालायच्या, ती तुंबू नये म्हणून.

बोलताना नानांना त्रास होत होता, तरी ते बोलले. "आबानी घागर कोण भरी?"

खान्देशाबाहेरच्या वाचकाला हे कदाचित एकदम लागणार नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात, आगारी टाकतात, म्हणजे पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास देतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाझाडाला झोके बांधलेले असतात. शेतीचं वर्षही त्याच दिवशी बदलतं. सालदाराचं साल आखाजी ते आखाजी धरतात, जुन्याचा हिशेब चुकता करून नव्याशी बोली करायची असते. मोठे काका, म्हणजे नानांचे आबा, गेल्या पावसाळ्यात गेले. ही त्यांची पहिली घागर, आणि नाना थोरले. शिवाय बाग कापणीला आली होती, वैशाखातल्या एका वादळात उभी बाग आडवी होते हे प्रत्येक केळीवाल्याला ठाऊक असतं. तेव्हा हा माणूस उपचार टाळत होता असं कुणी समजू नये. त्याच्याकडे जायला चार खरी कारणं होती, आणि थांबायला एकही कारण त्याला कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं.

"शेक तं तितलाच देतीस ना? तीसच. मंग आठ दिनमा काय व्हई जाई?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तीस सिटिंग त्या तीसच राहणार. मध्ये आठ दिवस गेले तर गणितात नेमकं काय बदलतं?

मॉडेल

मी वही काढली. आधी मारण्याची बाजू. किरणांनी पेशी कशा मरतात याचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं मॉडेल असं सांगतं की एका सिटिंगनंतर जिवंत राहणाऱ्या पेशींचं प्रमाण दोन गोष्टींवर ठरतं : एक भाग डोसच्या प्रमाणात, दुसरा डोसच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यांचे सहगुणक अल्फा आणि बीटा. तोंडा-घशाच्या ट्यूमरसाठी पुस्तकात सर्रास घेतात ती किंमत मी घेतली, अल्फा ०.३ आणि बीटा ०.०३. २ ग्रेच्या एका सिटिंगला घातांक येतो ०.६ अधिक ०.१२, म्हणजे ०.७२. उरणाऱ्या पेशी e चा उणे ०.७२ वा घात, म्हणजे ४८.७ टक्के. एका शेकात जवळपास निम्म्या मरतात.

हे मला नेहमी हलवून सोडतं. तीस दुपटींनी एका पेशीची शंभर कोटी होतात आणि तीस सिटिंगांनी शंभर कोटी पुन्हा एकावर येतात, किंबहुना थोड्या त्याच्याही खाली. जो जिना आजार वर्षानुवर्षं चढला तोच जिना सहा आठवड्यांत उतरायचा, रोज एक पायरी. नाना हे ऐकून बोटं मोजू लागले. "म्हंजे आज पंधरावी पायरी."

ऑपरेशननंतर डोळ्याला न दिसणाऱ्या, पण पुन्हा वाढू शकतील अशा एक कोटी पेशी उरल्या असं मी धरलं. हा आकडा गृहीत आहे. कुणाच्या शरीरात तो मोजता येत नाही. तीस सिटिंगांनंतर एक कोटीचे उरतात ०.००४२. पेशीचा अपूर्णांक नसतो, म्हणून याचा अर्थ असा लावायचा : अशा हजार रुग्णांत सुमारे चार ठिकाणी एखादी पेशी उरेल, बाकीच्यांत एकही नाही.

इथवर नानांचं म्हणणं खरं आहे. या सूत्रात तारीख कुठेच नाही. पण पेशी उतरत्या जिन्यावर गप्प बसत नाहीत.

१८२५ मध्ये लंडनच्या बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी माणसाच्या मृत्यूदराचं एक सूत्र विमा कंपन्यांच्या कामासाठी मांडलं. त्याच सूत्राचा वक्र १९६४ मध्ये ॲना लेर्ड यांनी प्राण्यांच्या ट्यूमरना लावून पाहिला आणि तो चपखल बसला. वक्र असं सांगतो की गाठ लहान असते तेव्हा तिच्या दुपटी झपाट्याने होतात. गाठ मोठी झाली की रक्तपुरवठा कमी पडतो, आतल्या पेशी उपाशी राहतात आणि दुपटीचा काळ लांबत जातो. उलट बाजूने वाचलं तर हा वक्र भीती घालतो. गाठ कापून किंवा जाळून लहान केली की उरलेल्या पेशी पुन्हा वक्राच्या उभ्या चढावर येतात. जागा मोकळी, अन्न भरपूर.

हे सांगताना मी शब्द शोधत होतो. नानांनी माझ्या हातातलं पेन धरलं आणि म्हणाले, "हाई तं पीलनामायक शे." म्हणजे, हे तर केळीच्या पिलासारखं आहे.

याहून चांगलं उदाहरण मी तोवर कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. केळीचं मोठं झाड उभं असेपर्यंत बुंध्याशी येणारं पील खुरटं राहतं. वरची पानं ऊन घेतात, मुळं खत खातात. घड उतरवून झाड कापलं की तेच पील पंधरा दिवसांत ओळखू येत नाही. पिलबाग त्याच जोरावर उभी राहते. शेतकऱ्याला जे हवं असतं तेच शेकात नको असतं, एवढाच फरक. आणि पील किती वाढलं हे कापणीच्या दिवशी कळत नाही, पंधरा दिवसांनी कळतं.

हे नुसतं उपमेपुरतं नाही. १९८८ मध्ये विदर्स, टेलर आणि मासेयेव्स्की यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या शेकाचे वेगवेगळ्या ठिकाणचे निकाल एकत्र करून पाहिले. ज्या रुग्णांचा उपचार लांबला त्यांना तेवढाच गुण यायला जास्त डोस लागला होता. पहिले साधारण चार आठवडे फरक नाही, आणि त्यानंतर प्रत्येक दिवसामागे सुमारे ०.६ ग्रे. म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमाराला उरलेल्या पेशी जोर धरतात आणि दर चार दिवसांनी दुप्पट होऊ लागतात. जी गाठ उपचाराआधी महिन्या-दोन महिन्यांनी दुप्पट होत असेल, तीच आता चार दिवसांनी.

मी वहीत १ एप्रिलपासून दिवस मोजले. अठ्ठाविसावा दिवस सोमवार, २८ एप्रिल. आखाजी ३० ला. नानांनी घरी जायला निवडलेले दिवस नेमके पील उठण्याचे होते.

कॅलेंडर

आता तारखा घालायच्या होत्या, आणि इथे मला अनपेक्षित काहीतरी सापडलं. मी नानांचे आठ दिवस मोजायला बसलो होतो. पण आधी मूळ वेळापत्रक लिहायला घेतलं, तर ते जुळेना.

१ एप्रिलपासून सोमवार ते शुक्रवार सलग तीस सिटिंग झाल्या असत्या तर शेवटची १२ मे रोजी, बेचाळिसाव्या दिवशी आली असती. पण २४ एप्रिलपर्यंत अठरा व्हायला हव्या होत्या आणि नानांच्या कार्डावर सह्या पंधराच. १० एप्रिलला महावीर जयंती, १४ ला आंबेडकर जयंती, १८ ला गुड फ्रायडे. तिन्ही दिवस मशीन बंद होतं. पुढे १ मे, महाराष्ट्र दिन. त्यापुढे १२ मे, बुद्ध पौर्णिमा. पाच सुट्ट्या आणि त्यांना जोडून येणारे शनिवार-रविवार धरले तर नाना एक दिवसही घरी गेले नसते तरी शेवटची सिटिंग १९ मे रोजी, एकोणपन्नासाव्या दिवशी झाली असती. आठवडा आधीच गेला होता, आणि तो नानांनी घालवला नव्हता.

याचा मला राग आला, तो लपवत नाही. कार्डावर किती सिटिंग झाल्या ते होतं; कोणत्या तारखेला संपायच्या होत्या ते कुठेच नव्हतं. रुग्णाने चार दिवस मागितले की त्याला दटावायचं आणि सुट्टीने पाच दिवस घेतले तर कुणी काही बोलायचं नाही, हे बरोबर नाही. पेशीला आखाजी आणि गुड फ्रायडे यांतला फरक कळत नाही.

नानांच्या बेतानुसार ते २९ च्या संध्याकाळी निघून ७ मे रोजी मशीनवर परत येणार होते. १ मेची सुट्टी आणि शनिवार-रविवार सोडले तर त्यात चार सिटिंग बुडत होत्या, आणि शेवट २३ मेवर, त्रेपन्नाव्या दिवसावर जात होता.

तीनही शेवट मी मॉडेलमध्ये घातले. अठ्ठाविसाव्या दिवसानंतर दर चार दिवसांनी दुप्पट. बेचाळिसाव्या दिवशी संपलं तर साडेतीन दुपटी, उरलेल्या पेशींची सरासरी ०.०४७, आणि एकही पेशी न उरण्याची शक्यता ९५ टक्के. एकोणपन्नासाव्या दिवशी संपलं तर सव्वापाच दुपटी, सरासरी ०.१६, शक्यता ८५ टक्के. त्रेपन्नाव्या दिवशी सव्वासहा दुपटी, सरासरी ०.३२, शक्यता ७३ टक्के.

सुट्ट्यांच्या सात दिवसांनी दहा टक्के नेले होते. आखाजीचे फक्त चार दिवस त्यावर आणखी बारा टक्के नेणार होते. प्रत्यक्ष रुग्णांच्या निकालांवरून सरासरी नुकसान दिवसाला साधारण एक ते दीड टक्का धरतात. माझा वक्र शेवटी त्याहून उतरता झाला, कारण दुपटीवर दुपटी चढत जाते. एक कोटीऐवजी वेगळी संख्या धरली असती तर हे टक्के बदलले असते, म्हणून त्यांना नानांचं भविष्य समजू नये. पण तीन शेवटांचा क्रम बदलला नसता.

या मॉडेलमधली आणखी एक गोष्ट मला त्या रात्रीपर्यंत नीट उमगली नव्हती. खंड कोणत्या आठवड्यात पडला याला सूत्रात किंमत नाही. पहिल्या आठवड्यात पडो की पाचव्या, शेवटची तारीख जितकी पुढे जाते तितकंच नुकसान. म्हणजे प्रश्न 'घरी जायचं की नाही' हा नव्हताच. शेवटची तारीख मागे कशी ओढायची, हा होता.

शुक्रवार आणि शनिवार

२५ तारखेला नानांची सोळावी सिटिंग झाल्यावर रेडिएशनच्या डॉक्टर मॅडमना भेटलो. वही पुढे ठेवताना संकोच वाटत होता. त्यांनी सुट्ट्यांची पानं उलटून पाहिली, मग शेकाच्या डोसचा हिशेब बघणाऱ्या फिजिसिस्टला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "हे आम्हाला माहीत आहे. पण एकेका पेशंटची शेवटची तारीख लिहून कुणी आमच्यासमोर ठेवत नाही. आम्हीही ठेवत नाही."

मी विचारलं, शेवटी दोन सिटिंग जास्त दिल्या तर? मॅडमनी मान हलवली. ट्यूमरच्या पेशी भरून निघतात म्हणून डोस वाढवला तर जबड्याचं उरलेलं हाड आणि नवी शिवलेली कातडी तो डोस विसरत नाहीत. हाड मेलं की वर्षा-दोन वर्षांनी जखम उघडते आणि मग ती भरत नाही. डोस तोच ठेवून दिवस दाबायचे, हाच रस्ता. त्याला दोन उपाय : शनिवारी मशीन चालवायचं, किंवा एका दिवसात दोन सिटिंग द्यायच्या, मध्ये किमान सहा तास ठेवून. हे सहा तास निरोगी पेशींसाठी. त्यांच्या डीएनएची दुरुस्ती तेवढ्यात बरीचशी होते. त्याआधी दुसरा फटका दिला तर दोन्ही मिळून एक मोठा फटका होतो आणि बीटाबरोबरचा डोसचा वर्ग अंगावर येतो.

आठवड्याला पाचाऐवजी सहा सिटिंग दिल्याने खरंच फरक पडतो का, याची परीक्षा डेन्मार्कमध्ये झालेली आहे. सुमारे दीड हजार रुग्ण, डोस तोच, सिटिंग तेवढ्याच, फक्त एका गटाला आठवड्याला सहा. २००३ मध्ये निकाल आले : पाच वर्षांनी आजार जागेवर आणि मानेत आटोक्यात राहण्याचं प्रमाण ६० वरून ७० टक्के झालं. ते रुग्ण ऑपरेशन न झालेले होते, नानांसारखे नव्हते. पण एका शनिवारची किंमत त्या आकड्यात दिसते. वीज तेवढीच, डोस तेवढाच, माणूस तोच, नुसती तारीख अलीकडे.

मॅडमनी रजिस्टर मागवलं. सुट्ट्यांमुळे मागे पडलेले तोंडाचे आणि घशाचे आणखी काही रुग्ण निघाले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी २६ ला मशीन चालू ठेवायचं ठरलं. मग त्या नानांकडे वळल्या. "आखाजी बुधवारी. तुम्ही मंगळवारचा शेक घेऊन निघा. गुरुवारी तशीही सुट्टी आहे. शुक्रवारी सकाळी साडेआठला मला तुम्ही इथे दिसले पाहिजेत. त्या दिवशी दोनदा शेक."

नानांनी हात जोडले. मग वही मागून घेतली आणि माझ्या पेनाने शेवटच्या पानावर स्वतः तारखा लिहिल्या. शनिवार २६. सोमवार २८, मंगळवार २९. शुक्रवार २, दोन वेळा. शनिवार ३. सोमवार ५ ते शनिवार १०. मंगळवार १३. बुधवार १४. शेजारी एकोणीसपासून तीसपर्यंतच्या पायऱ्या मांडायला लागले आणि थांबले, पहिली पायरी सतरावी आहे हे लक्षात आल्यावर खोडून पुन्हा मांडल्या. शेवटची तीसावी. १४ मे, चव्वेचाळिसावा दिवस.

सूत्रात चव्वेचाळीस घातलं की चार दुपटी येतात, सरासरी ०.०६७, शक्यता ९३ ते ९४ टक्के. मूळ बेतापासून दोनच दिवस लांब. वेगाने वाढणाऱ्या अशा कॅन्सरमध्ये उपचार ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू देऊ नये असा ब्रिटिश रेडिओलॉजिस्टांच्या कॉलेजचा नियम आहे. नानांची आखाजी त्या दोन दिवसांत बसली होती.

घागर

२९ च्या संध्याकाळी आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. धुळ्याच्या पुढे नानांना मळमळलं, गाडी दोनदा थांबवली. घरी पोचायला मध्यरात्र झाली. वहिनींनी नळीतून दूध दिलं आणि ते अंगणात बाजेवर झोपले.

सकाळी नानांनी घागर स्वतः भरली. गळ्याची कातडी सोललेली असल्यामुळे सदरा घालता येत नव्हता, खांद्यावर मऊ पंचा टाकला होता. डांगर घागरीवर ठेवताना हात थरथरला तेव्हा त्यांच्या मुलाने खालून हात लावला. आगारीचा धूर तोंडाकडे आला की त्यांना ठसका लागायचा, म्हणून त्यांना वाऱ्याच्या बाजूला बसवलं. आमरस-पुरणपोळीचं ताट समोर होतं. त्यांना त्यातलं काहीच खाता येत नव्हतं. ते ताटाकडे बघत बसले आणि बहिणींना वाढायला सांगत राहिले.

दुपारी सालदाराशी बोली झाली. नानांनी हिशेबाची वही मुलाकडे दिली आणि पहिल्यांदाच त्याला बोलू दिलं. कापणीचं व्यापाऱ्याशी मी बोललो. नंतर मुलगा मला बागेत घेऊन गेला आणि नुकत्याच कापलेल्या चार-पाच खोडांशी थांबला. पील गुडघ्याएवढं आलेलं होतं. नानांनी रात्री बाजेवर पडल्या पडल्या त्याला सगळं सांगितलं होतं, तीस पायऱ्यांसकट.

१ तारखेला दुपारी नाना परत निघाले. शेजारच्या आळीतले दोघं-तिघं गाडीशी आले. "दोन दिनमाच निंघनात?" नानांनी खिशातला वहीचा कागद काढून दाखवला आणि १४ या आकड्यावर बोट ठेवलं.

२ मेला दोन शेक झाले, सकाळी पावणेनऊ आणि दुपारी सव्वातीन. दुसऱ्या शेकानंतर तोंडातले फोड वाढले, दोन दिवस सलाईन लावावं लागलं. तरी ३ तारखेचा शनिवार चुकला नाही. सातव्या आठवड्यात वजन इतकं उतरलं होतं की शेकाच्या वेळी डोकं-मान हलू नये म्हणून घालतात तो मास्क सैल झाला आणि नवा बनवावा लागला. त्या कामात सिटिंग बुडू नये म्हणून फिजिसिस्ट रात्री आठपर्यंत थांबले. १४ मेच्या बुधवारी दुपारी तीसावी सिटिंग झाली.

पुढची पहिली दोन वर्षं दर थोड्या महिन्यांनी दाखवायला जावं लागणार आहे, कारण हा आजार परतायचा असेल तर बहुधा याच काळात परततो. नाना प्रत्येक भेटीची तारीख त्याच कागदाच्या मागे लिहितात. त्या विभागातल्या कार्डावर आता सिटिंगच्या रकान्यांच्या वर एक ओळ असते, 'शेवटची तारीख', आणि तिच्यापुढे मोकळी जागा. पहिल्या दिवशी ती तारीख रुग्णाच्या नातेवाइकाकडून लिहून घेतात.